शनिवारचे मेंदू

१

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता संस्थेतून एक फरक नाहीसा झाल्याचं उघडकीस आलं.

दागिने जातात, कागदपत्रं जातात, कधीकधी माणसंही जातात. फरक गेल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे आलेले मोठे सर पहिलेच. ते मेंदूसंशोधन संस्थेचे प्रमुख आहेत. पण तीस वर्षांपूर्वी ते माझ्या संख्याशास्त्राच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून डुलक्या काढायचे, त्यामुळे मला त्यांचा धाक वाटत नाही आणि त्यांना माझा अजून वाटतो.

"बाई, गोष्ट तशी सोपी आहे," ते खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले.

"सोपी असती तर तू निवृत्त बाईच्या घरी आला नसतास. सांग."

दीड वर्षापूर्वी संस्थेने बहात्तर जणांचे मेंदू मशीनमध्ये मोजले होते. छत्तीस जण अडखळत बोलणारे, छत्तीस सरळ बोलणारे. मशीनच्या नळकांड्यात दहा मिनिटं स्वस्थ पडून राहायचं, एवढंच काम. तेवढ्या वेळात मेंदूचे कोणते भाग एकदम जागे होतात आणि एकदम मंदावतात हे मशीन टिपतं. समोरासमोरच्या दोन घरांतले दिवे रोज एकाच वेळी लागत आणि विझत असतील, तर त्या घरांचं आपसांत काहीतरी आहे असं आपण धरतोच. संशोधक त्याला जोडणी म्हणतात.

"अडखळणाऱ्यांमध्ये ऐकण्याचा भाग आणि तोंड हलवण्याचा भाग यांची जोडणी जास्त घट्ट निघाली," सर म्हणाले. "ठळक फरक होता, बाई. गावभर गवगवा झाला आमचा. मग यंदा खात्री करावी म्हणून नवे चाळीस जण मोजले. वीस असे, वीस तसे."

"आणि?"

"काही नाही. फरक गायब. जणू कधी नव्हताच."

दुसऱ्या तुकडीचं गणित संस्थेच्या संगणकवाल्याने केलं होतं. पहिल्या तुकडीचं सगळं गणित एकाच संशोधक मुलीने. संगणकवाल्याने लेखी तक्रार दिली होती की तिने आकडे फिरवले. शुक्रवारी अकरा वाजता समिती बसणार होती. आरोप खरा ठरला तर तिची पदवी जाणार आणि संशोधनाचं दार तिला कायमचं बंद होणार.

"तिने असं का करावं?" मी विचारलं.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वर्गात उत्तर येत नसलं की ते असंच करायचे.

"कारण ती स्वतः अडखळते, बाई."

२

संस्थेत तिला सगळे टाचणी म्हणतात. अंगाने तशीच, आणि प्रश्नही तसेच टोचणारे. दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, आणि टेबलावर पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या असतात.

"बसा" म्हणायला तिला थोडा वेळ लागला. तिचं अडखळणं मी इथे लिहून दाखवणार नाही. एकेका वाक्यापाशी ती किती थांबली ते वाचणाऱ्याने मनात धरावं, आणि मी त्या वेळात गप्प बसले याचं थोडं कौतुकही करावं. गप्प बसणं मला जन्मात जमलेलं नाही.

"आकडे बदललेस?"

"नाही."

"कोणाला वगळलंस?"

"दोघांना. मशीनमध्ये फार हालले म्हणून. त्यांच्या जागी दुसरे दोघं घेतले. नोंद आहे."

"आणि फरक सापडला तेव्हा काय केलंस?"

ती भिंतीकडे बघत राहिली. "रडले. मग बाबांना फोन केला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचे वडील लहानपणापासून तिला म्हणत आले होते की तू हे मुद्दाम करतेस, नाटकं करतेस, मनावर घेतलंस तर थांबेल. मारलं नाही कधी, पण वाक्य अडलं की ताट बाजूला सारून उठून जायचे. आपल्या शोधाचं चित्र तिने त्यांना पाठवलं. एक मेंदू, त्यात दोन लाल ठिपके, मधे जाड रेघ. ते त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं, आणि फोनवर एवढंच म्हणाले, "म्हणजे तुझ्या हातात नव्हतं."

"एवढं वाक्य ऐकायला मला अठ्ठावीस वर्षं लागली," टाचणी म्हणाली. "मला तो फरक हवा होता, बाई. समितीने विचारलं तर हेच सांगणार."

मी कपाळाला हात लावला. "अगं, असं बोललीस तर ते तुला कच्चं खातील!"

"पण खरं आहे."

तिने एक डिस्क माझ्याकडे सरकवली. मशीनमधून निघालेल्या मूळ फायली. "यांना मी हात लावलेला नाही," ती म्हणाली. "पण लावलेला नाही हे तुम्हाला कसं कळणार?"

तक्रारदारालाही सुचला नव्हता असा प्रश्न आरोपीनेच मला विचारला होता, आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं.

३

उत्तर तळघरात होतं. मशीन प्रत्येक मोजणीची एक प्रत आपोआप तळघरातल्या संगणकावर पाठवतं, आणि त्या खोलीची किल्ली फक्त संगणकवाल्याकडे. टाचणीला तिथे मज्जाव.

संगणकवाला हा तिशीचा, घुम्या, सतत थंडी वाजत असल्यासारखा स्वेटर घालणारा माणूस. माझ्याकडे त्याने संशयानेच पाहिलं.

"माझं तिच्याशी वैर नाही," तो म्हणाला. "पण फरक हवेत विरत नाही. तो होता तर आहे, नाही तर नव्हता."

"अगदी बरोबर. मग बस माझ्या शेजारी आणि मोज. तिची डिस्क बाजूला ठेव. तुझ्या तळघरातली प्रत घे, तुझ्या पद्धतीने, पहिल्यापासून."

मंगळवारी दुपारी बारापासून पाचपर्यंत आम्ही दोघं बसलो. त्याने आधी डिस्क आणि तळघरातली प्रत ताडून पाहिली. फाईल न् फाईल सारखी. मग गणित. अधेमधे तो स्वतःशीच पुटपुटत होता. पावणेपाचला त्याने पडद्याकडे बोट दाखवलं आणि हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला.

फरक होता. टाचणीला मिळाला तेवढाच.

"म्हणजे तिने काही केलं नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मग माझी दुसरी तुकडी चुकली?"

तीही मोजली. तिथे फरक नव्हता, आणि गणितात खोट नव्हती. दोन्ही गणितं स्वच्छ. एका घरात चोरी झालेली, शेजारच्यात नाही, आणि दोन्हीकडची कुलपं शाबूत.

"एक सांग," मी म्हटलं. "प्रत्येकाचं अडखळणं किती, ते स्पीच थेरपिस्टने मोजलं असेलच. जो जास्त अडखळतो त्याची जोडणी जास्त घट्ट आहे का?"

त्याने पाहिलं. "नाही. थोडं अडखळणारे आणि खूप अडखळणारे, त्यांच्यात तसा काही क्रम नाही."

हे मला खटकलं. मीठ जास्त घातलं तर आमटी जास्त खारट व्हायला हवी. अडखळण्यामुळे जोडणी घट्ट होत असेल, तर जास्त अडखळणाऱ्याची जास्त घट्ट नको का? म्हणजे या छत्तीसांतल्या बहुतेकांत दुसरंच काहीतरी समान होतं, त्यांच्या बोलण्याशी संबंध नसलेलं. आणि ते फायली तयार व्हायच्या आधीच त्यांना चिकटलं होतं.

म्हणजे जे काही घडलं, ते मशीनच्या खोलीत घडलं होतं.

४

मशीनची खोली तळमजल्यावर, जाड दाराआड. बुधवारी सकाळी मला तिथे घेऊन गेली ती थेरपिस्ट. तिला सगळे ताई म्हणतात. ताईचे उपचारवर्ग वरच्याच मजल्यावर सोमवारी आणि गुरुवारी भरतात. फरक खरा ठरला तर तिच्या वर्गांना मोठी जागा मिळायची होती, त्यामुळे माझ्या संशयितांच्या यादीत तिचंही नाव होतं, आणि तिला ते कळलं होतं.

"विचारा काय ते," ती म्हणाली. "माझी माणसं सोमवार-गुरुवारी इथे येतातच, म्हणून टाचणीने त्यांची मोजणी त्याच दिवशी ठेवली. त्यांची एक खेप वाचली. तेवढाच माझा गुन्हा."

"आणि सरळ बोलणारे?"

"ते नोकरदार. सुट्टी बघून शनिवारी यायचे. काही अपवाद होते दोन्हीकडे."

"मोजणीच्या वेळी टाचणी इथे असायची?"

"छे! तिला इथे यायला बंदी होती. कोण कोणत्या गटातला हे तिला माहीत, मग ती कुणाशी नकळत वेगळी वागली तर? म्हणून तिनेच तसा नियम केला."

सावधगिरी म्हणून नियम केला, आणि त्याच नियमामुळे इथे काय चाललंय ते बघायला कोणीच नव्हतं. मी मान हलवली आणि आत पाहिलं.

आत मशीन चालवणारी बाई होती. संस्थेत तिला शनिवारवाली म्हणतात. दीड वर्षापूर्वी ती फक्त शनिवारी यायची. सोमवार-गुरुवारी एक वयस्कर तंत्रज्ञ असायचे, सगळ्यांचे काका. ते निवृत्त झाले आणि दुसरी तुकडी पूर्ण हिनेच मोजली. काचेइतका स्वच्छ कारभार. भिंतीवर एक कार्ड लावलेलं होतं, आणि ते ती मला शब्दन् शब्द वाचून दाखवायला लागली.

"वाचू दे मला, डोळे आहेत मला," मी म्हटलं. हालू नका, झोपू नका, आरशात दिसणाऱ्या फुलीकडे बघत राहा, त्रास झाला तर हातातला रबरी फुगा दाबा. असं चार ओळींचं कार्ड.

"फुगा दाबला की मोजणी थांबते," शनिवारवाली म्हणाली. "त्याची नोंद होते." आणि तिने वही काढून दिली.

मी पानं उलटली. शनिवारी सहा वेळा फुगा दाबलेला, अधूनमधून, वर्षभर. सोमवार-गुरुवारी पहिल्या दोन आठवड्यांत तीन वेळा. त्यानंतर एकदाही नाही.

"ताई, तुझी माणसं जास्त घाबरतात ना नळकांड्यात?"

"बाई, त्यांना माइकवर बोलायचीसुद्धा धास्ती असते. ती जास्तच घाबरणार."

मग जास्त घाबरणाऱ्यांनी वर्षभर फुगा का दाबला नाही? सोमवार-गुरुवारी या खोलीत कोणी त्यांना काय केलं होतं?

५

माझ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, माझ्याबरोबर राहतात. वयाने मोठ्या, कानाने तिखट, आणि माझ्या प्रत्येक तपासात त्यांना मीच गुन्हेगार वाटते. गुरुवारी सकाळी मी फोन घेऊन बसले तेव्हा त्या समोर खुर्ची टाकून बसल्या.

"कुणाकुणाला सतावणार आहेस आज?"

"मशीनमध्ये जाऊन आलेल्यांना. एकच प्रश्न विचारणार. आत काय दिसलं?"

"हे विचारायला संख्याशास्त्र लागतं?"

मी लक्ष दिलं नाही. पहिला फोन शनिवारी आलेल्या एका नळदुरुस्तीवाल्याला. सरळ बोलणारा.

"ती फुली हो! पांढरी फुली. दहा मिनिटं बघून बघून डोक्यात बसली. दोन दिवस भिंतीवर दिसत होती मला."

दुसरा, एक शिंपी, शनिवारचाच. त्यालाही फुली. आरशाच्या कडेला एक बारीक चरा होता, तोही त्याने सांगितला. तिसरी, ग्रंथालयातली बाई. ती अडखळत बोलते, पण गुरुवारी कामावर असते, म्हणून शनिवारी आली होती. "फुली," ती म्हणाली. त्या एका शब्दाला वेळ लागला, पण शब्द तोच.

मग सोमवारवाले. एक सुतार, अडखळत बोलणारा. "आत? काही नाही दिसलं."

"फुली?"

"कसली फुली?"

एक शिक्षिका. तिलाही फुली आठवेना. आवाज मात्र इतका बारकाईने आठवत होता की तिने मला मशीनची ठोकठोक तोंडाने करून दाखवली. एक टॅक्सीवाला. त्याला थंड हवा आठवत होती, पाठीखालची गादी आठवत होती. फुली नाही.

"विसरले असतील," वन्सं म्हणाल्या.

"तिघंही? आणि शनिवारच्या तिघांपैकी एकही विसरत नाही?"

शेवटचा फोन एका बेकरीवालीला. ही सरळ बोलणारी. धाकट्या भावाला सोबत म्हणून सोमवारी आली आणि आलीच आहे तर म्हणून तिनेही मोजून घेतलं. ही बोलायला मोकळी निघाली.

"आत काय दिसलं हो?" मी विचारलं.

ती खळखळून हसली. "दिसणार कसं हो? डोळे मिटलेले ना!"

माझ्या हातातली पेन्सिल टेबलाखाली गेली आणि वन्संनी ती उचलून दिली नाही.

६

काका तिसऱ्या मजल्यावर मुलाकडे राहतात. मी गेले तेव्हा ते गॅलरीत घरातल्या सगळ्यांचे बूट ओळीने मांडून पॉलिश करत होते. मुलाचे, सुनेचे, नातीचे, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचे. टाचणीला मी बरोबर घेतलं होतं. तिला बघून ते उठून उभे राहिले.

"काका, तुम्ही सोमवार-गुरुवारच्या लोकांना डोळे मिटायला सांगायचात?"

"हो. सगळ्यांना." जराही संकोच नाही. "पहिल्याच आठवड्यात एक तरुण बाई आत गेली. मधेच घाबरली. माइकवर मला काहीतरी सांगायचं होतं तिला, पण शब्दच निघेना. मी विचारतोय, काय झालं, बाई, काय झालं? जितकं विचारतोय तितकी ती जास्त अडकतेय. शेवटी फुगा दाबला बिचारीने. बाहेर काढली तर घामाने निथळत होती, आणि मला म्हणते, माफ करा." काकांनी ब्रश खाली ठेवला. "माफी तिने कशाला मागायची? आणखी दोघांचं तसंच झालं. पहिल्या दोन आठवड्यांत आलेले ते तिघंच, आणि तिघांचीही मोजणी नंतर पुन्हा करावी लागली. मग मी ठरवलं. आत जायच्या आधीच डोळे मिटायचे, बाहेर आलं की उघडायचे. नळकांडं दिसलंच नाही तर भीती कसली? त्यानंतर एकानेही फुगा दाबला नाही."

"कार्डावर वेगळं लिहिलं होतं."

"कार्ड मीच चिकटवलंय भिंतीला."

"मग?"

"अहो, डोळे बाहेर असतात, मेंदू आत असतो. फोटो मेंदूचा काढायचा होता." मग टाचणीचा चेहरा बघून ते चाचरले. "काही चुकलं का माझं?"

टाचणी पांढरी पडली होती. मला जे कालपर्यंत माहीत नव्हतं ते तिला पाठ होतं. डोळे मिटले की मेंदू स्वस्थ बसत नाही, उलट कान टवकारतो आणि अंगाकडे लक्ष देतो. शिक्षिकेला ठोकठोक आठवली, टॅक्सीवाल्याला गादी. ऐकण्याचा आणि हालचालीचा भाग एकमेकांच्या जवळ येतात. बोलणं सरळ असो की अडखळतं.

"नाही, काका," ती म्हणाली. "तुम्ही चांगलं वागलात."

जिन्यातच, पायरीवर बसून, मी चौकटीचा कागद काढला. बहात्तर ठिपके. मी तिला अडखळणारे आणि सरळ बोलणारे हे विसरायला सांगितलं आणि नव्याने दोन गट पाडले. सोमवार-गुरुवार एका बाजूला, शनिवार दुसऱ्या. खरी परीक्षा होती ती अपवादांची. पाच अडखळणारे शनिवारी आले होते, डोळे उघडे ठेवून. चार सरळ बोलणारे सोमवार-गुरुवारी आले होते, डोळे मिटून.

टाचणीने प्रत्येकाच्या जोडणीचे आकडे सांगितले, मी ठिपके दिले. पाचही जण शनिवारवाल्यांत जाऊन बसले. चौघंही सोमवारवाल्यांत. नऊ जण काही फार नाहीत, पण नऊच्या नऊ दिवसाप्रमाणे गेले, बोलण्याप्रमाणे एकही गेला नाही.

"आपण मेंदूंचे गट केलेच नव्हते," ती म्हणाली. "वारांचे केले होते." मग कागदावरची नजर न काढता, "बाबांच्या टेबलावर ते चित्र आहे."

कागद मी तिच्याकडे दिला. उद्या ती आरोपातून सुटणार हे आता नक्की होतं. पण सुटण्याचे दोन रस्ते होते, आणि त्यातला एक फार सोपा होता. तो तिच्यासमोर कोण ठेवणार हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

७

समितीत तिघंजण, शिवाय मोठे सर. संगणकवाल्याने उभं राहून तक्रार मागे घेतली, आणि टाचणीकडे बघून माफी मागितली. ती त्याला सोपी गेली नाही, म्हणून मला तो आवडला. मग मी काकांची हकिकत सांगितली. पहिल्या तुकडीत सोमवार-गुरुवारवाल्यांचे डोळे मिटलेले, दुसऱ्या तुकडीत सगळ्यांचे उघडे. कोणी आकडे फिरवले नाहीत.

खोलीत सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मोठे सर तर एकदम खुलले.

"म्हणजे दोन तुकड्यांत सूचनाच वेगळी होती!" ते म्हणाले. "मग दोन्हींची तुलनाच होत नाही. अडखळणारे डोळे मिटून स्वस्थ झाले की त्यांचा फरक दिसतो, घाबरले की दिसत नाही. दुसरी तुकडी बाजूला ठेवू, पहिली कायम राहील. तुझा शोध शाबूत आहे, मुली. असंच ना?"

समितीच्या अध्यक्षबाईंनी पेन उघडलं. ऐकायला ते अगदी पटण्यासारखं होतं. सर लबाडी करत नव्हते. त्यांना मनापासून तसं हवं होतं, आणि त्यांनी ठिपक्यांचा कागद पाहिला नव्हता. तो टाचणीच्या फायलीत होता. तिने एक शब्दही बोलायची गरज नव्हती. नुसती मान हलवली असती तर नाव राहिलं असतं, शोध राहिला असता, आणि वडिलांच्या काचेखालचं चित्रही राहिलं असतं.

माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. पण शोध तिचा होता. मी ओठ घट्ट मिटले. माझ्यासाठी तो आठवड्यातला सगळ्यात अवघड क्षण होता.

टाचणी उभी राहिली. पहिला शब्द निघेना. अध्यक्षबाई मदतीला धावल्या, "बसून सांगितलं तरी चालेल." तिने हातानेच नको म्हटलं. मान मागे गेली, डोळे मिटले, उघडले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मी बघत होते.

"नाही," ती म्हणाली.

मग तिने कागद काढून टेबलावर ठेवला आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवून नऊ जण समजावले. जे चौघं अडखळतच नाहीत त्यांची जोडणीही डोळे मिटल्यावर तितकीच घट्ट आहे. पहिली तुकडी उभी राहू शकत नाही. वेळापत्रक तिने बनवलं होतं, खोलीत न जाण्याचा नियम तिने केला होता, आणि सूचना प्रत्यक्षात काय दिली जाते हे एकदाही न विचारण्याची चूकही तिचीच. एवढं सांगायला तिला चौदा मिनिटं लागली. कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही, मी सोडून.

"म्हणजे फरक नाही?" सर खचून म्हणाले.

"तेही माहीत नाही, सर. दुसरी तुकडी लहान होती. आम्ही अजून नीट विचारलेलंच नाही. पुन्हा मोजू द्या."

अध्यक्षबाईंनी लिहिलं: दोषमुक्त, शोध मागे घ्यावा, मोजणी नव्याने. त्याच संध्याकाळी टाचणीने वडिलांना फोन करून सगळं सांगितलं. चित्र चुकीचं आहे, बाबा, काढून टाका. ते "बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. तिने मला हे सांगितलं. मला फार वाईट वाटलं.

८

नवी मोजणी सहा आठवड्यांनी सुरू झाली. कोण कोणत्या दिवशी येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. घाबरणाऱ्यांना आदल्या दिवशी बंद मशीनमध्ये झोपवून सराव द्यायचा, ही कल्पना काकांची, आणि त्यासाठी त्यांना परत बोलावलं गेलं. मला नोंदणीच्या टेबलावर बसवलं. वन्सं म्हणाल्या, तुला तिथे तरी गप्प बसता येईल.

पहिल्याच सकाळी इस्त्रीचा शर्ट घातलेले एक उंच, पिकल्या केसांचे गृहस्थ टेबलापाशी आले. मी फॉर्म दिला. त्यांनी वय लिहिलं, पत्ता लिहिला. मग पेन थांबलं. खाली दोन चौकोन होते, अडखळत बोलणारे आणि सरळ बोलणारे. एकात खूण करायची.

ते इतका वेळ थांबले की मागच्या माणसाने घसा खाकरला.

"यात लहानपणचं धरायचं का?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं?"

"माझं." शब्द निवडून निवडून, पाण्यातल्या दगडांवर पाय ठेवत गेल्यासारखे ते बोलत होते. "वडील मारायचे. मग मी काही अक्षरं टाळायला शिकलो. अजून टाळतो. कुणाला कळत नाही. माझ्या मुलीलाही नाही." त्यांनी फॉर्मकडे पाहिलं. "मला जमलं, तर तिलाही जमेल, असं धरून चाललो मी. ते चित्र आलं तेव्हा मला वाटलं, हे माझंच आहे."

मी वर पाहिलं. टाचणी त्यांच्यामागे दोन पावलांवर याद्या हातात घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

त्यांनी पहिल्या चौकोनात खूण केली आणि वळले.

टाचणीने हातातल्या याद्या टेबलावर ठेवल्या. मग टाचणी म्हणाली, "बाबा, तुम्हाला घेता येणार नाही. संशोधकाचे नातेवाईक चालत नाहीत. नियम आहे."

"मग हा कागद?"

तिने तो त्यांच्या हातातून घेतला, दोनदा वाचला, घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. मोजणीत तो कुठेही धरलेला नाही, हे मी स्वतः तपासलं आहे.